शिष्यवृत्ती मिळणार, हे कळतं केव्हा?

बारावीचा निकाल लागला, सीईटीचा स्कोअर हाती आला, की घरात दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. प्रवेश कुठे मिळणार आणि फी कुठून आणायची? पहिल्याचं उत्तर सीईटी सेल फेरीमागून फेरी, तारखा जाहीर करून देतो. दुसऱ्याचं उत्तर देणारी यंत्रणाही सरकारचीच आहे. महाडीबीटी हे तिचं नाव. पण ती बोलू लागते प्रवेश होऊन गेल्यावर. अर्ज भरायचा तो प्रवेश घेतलेला विद्यार्थी म्हणून, सोबत अलॉटमेंट लेटर आणि फी भरल्याची पावती जोडून. तो अर्ज आधी कॉलेजच्या टेबलावर जातो, मग खात्याच्या टेबलावर. पैसे दोन हप्त्यांत येतात आणि ते येईपर्यंत पहिलं सत्र बहुधा उलटलेलं असतं. शिष्यवृत्तीबद्दल आपल्याकडे वाद होतात ते रकमेवरून, उत्पन्नाच्या मर्यादेवरून, कोणत्या प्रवर्गाला किती टक्के यावरून. ते व्हायलाच हवेत. पण ‘तुला एवढी मदत मिळणार’ हे विद्यार्थ्याला कोणत्या तारखेला कळतं, यावर त्या मदतीचं निम्मं मोल ठरतं, आणि नेमक्या या तारखेबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना १९१३ मध्ये दिलेली शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची होती आणि तीन वर्षांसाठी होती. परत आल्यावर बडोदा संस्थानची नोकरी करायची, ही अटही जूनमधल्या करारात लिहिलेली होती. जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले. म्हणजे बोटीत पाय ठेवण्यापूर्वी हिशेब पक्का होता. पुढे हेच आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ मध्ये, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर आजही जिचा उल्लेख ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’ असा असतो, ती हीच. यशवंतराव चव्हाणांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना, बाराशे रुपयांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना फीमाफी मिळाली आणि ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास, हा शब्द खेड्यापाड्यांत रुजला. महाराष्ट्राला शिष्यवृत्तीची परंपरा नाही, असं कोणी म्हणू शकणार नाही.

आज कागदावर काय काय आहे तेही बघू. अनुसूचित जातीच्या, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्याला फी आणि वर निर्वाह भत्ता मिळतो. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर भत्ता नाही, पण फ्रीशिपमधून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळतं. आठ लाखांच्या आतल्या खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. तिच्यात निम्मं शुल्क मिळतं आणि कुटुंबातल्या पहिल्या दोनच अपत्यांना मिळतं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आतल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी हीच निम्म्याची सवलत शंभर टक्के झाली. बातम्यांत त्याचं ‘मुलींना उच्च शिक्षण मोफत’ असं झालं, पण सवलत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क, अनामत, बस, मेस यांचा खर्च घरूनच करावा लागतो. राहण्याखाण्यासाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह भत्ता आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या मुलांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार आहे. पुणे-मुंबई-नागपूरसारख्या शहरात स्वाधारचे वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. त्यात भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. पुण्यात आज कॉटबेसिसवर राहणाऱ्याला या आकड्यांचं हसू येईल, पण शून्यापेक्षा ते पुष्कळ आहेत.

आता अर्जाकडे जवळून बघू, कारण योजनांच्या यादीत जे दिसत नाही ते इथे दिसतं. प्रोफाइल आधारशी जोडून उघडायचं. मग उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, कुटुंबातल्या अपत्यांबद्दलचं हमीपत्र. यातला एकेक कागद मिळवणं हा वेगळा अर्ज असतो. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांच्या सहीने मिळतो, त्याआधी तलाठ्याचा अहवाल लागतो, आणि सेवा हक्क कायद्याखाली त्याला पंधरा दिवसांची मुदत आहे. दाखल्याची वैधता ३१ मार्चला संपते. म्हणून मे-जूनमध्ये सेतूवर जी रांग लागते तिच्यातले सगळे एकाच घाईत असतात. सगळं जोडून अर्ज पुढे गेला की कॉलेजचा लिपिक तो तपासतो. पावती पुसट दिसली, कोर्सचं नाव चुकीचं निवडलं, तर ‘सेंड बॅक’ होतं. कॉलेजनेच आपला अभ्यासक्रम किंवा त्याची मंजूर फी पोर्टलवर भरलेली नसेल तर विद्यार्थ्याला यादीत आपला कोर्सच दिसत नाही, आणि मुलगा रोज रात्री लॉगिन करून बघत बसतो. चूक कोणाची, हे स्क्रीन सांगत नाही.

शेवटचा अडथळा बँकेचा, आणि तो सगळ्यात फसवा आहे. अर्ज मंजूर होऊनही पैसे न आलेल्या मुलाला बँकेत सांगतात की तुझं आधार लिंक आहे. ते खरंही असतं, म्हणजे केवायसीसाठी घेतलेला आधार क्रमांक खात्याच्या नोंदीत असतो. पण थेट लाभाचे पैसे खाते क्रमांक बघून येत नाहीत. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या नोंदीत त्या आधार क्रमांकासमोर ज्या बँकेचं नाव आहे, त्या बँकेत ते जातात, आणि तिथे एका वेळी एकाच बँकेचं नाव असतं. मध्यंतरी कुठल्या मोबाइल बँकेचं खातं उघडून तिथे आधार जोडलं असेल, तर शिष्यवृत्ती त्या विसरलेल्या खात्यात जाऊन बसते. पूर्ण केवायसी न केलेल्या छोट्या खात्याची तऱ्हा आणखी वेगळी. त्यात वर्षभरात एक लाखाहून जास्त रक्कम जमा होऊ शकत नाही, म्हणजे इंजिनिअरिंगची फी त्यात मावेलच असं नाही. माय आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती मिनिटभरात दिसते. अर्जाच्या पहिल्याच पानावर ही तपासणी सक्तीची केली तर किती हेलपाटे वाचतील!

या सगळ्याला आपण ‘प्रशासकीय अडचणी’ म्हणतो आणि सोडून देतो. माझ्या मते हा धोरणाचाच भाग आहे. शिष्यवृत्ती देण्यामागचा हेतू असा की पैशाअभावी ज्याने कॉलेज सोडलं असतं किंवा स्वस्त पण नको असलेला कोर्स धरला असता, त्याने तसं करू नये. हा निर्णय घराघरांत जून ते ऑगस्टमध्ये होतो. ज्या बापाला तेव्हा ठाऊक नाही की निम्मी फी सरकार भरणार की नाही, तो पूर्ण फीचाच हिशेब धरतो. बचत गटातून, पतपेढीतून किंवा सोनं गहाण ठेवून पैसे उभे करतो, नाहीतर मुलीला तालुक्याच्या गावीच बी.ए.ला घालतो. पुढच्या मार्चमध्ये खात्यात आलेली रक्कम पहिल्या घरात व्याजासह कर्ज फेडायला जाते. दुसऱ्या घरात ती येतच नाही, कारण अर्ज करायला प्रवेशच झालेला नाही. सरकारने पैसे खर्च केले, पण ज्याचा निर्णय बदलायचा होता त्याचा बदलला नाही. बँकेचं शैक्षणिक कर्जसुद्धा या बाबतीत बरं, कारण मंजुरीचं पत्र फी भरण्याआधी हाती पडतं.

याला आधार म्हणून अमेरिकेतले दोन प्रयोग सांगतो. तिथे सरकारी मदतीसाठी फाफ्सा नावाचा अर्ज भरावा लागतो. पूर्वी त्यात शंभरहून जास्त प्रश्न असत आणि त्यातली बरीचशी माहिती प्राप्तिकराच्या विवरणपत्रात आधीच दिलेली असे. बेटिंगर, लाँग, ओरिओपोलस आणि सॅनबॉनमात्सू या संशोधकांनी २००८ मध्ये कर भरून देणाऱ्या एका कंपनीच्या कार्यालयांत, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना तिथल्या तिथे, त्याच कागदांवरून हा अर्ज भरून दिला. काम दहा-एक मिनिटांचं. दुसऱ्या गटाला फक्त माहिती दिली, की तुम्हाला अंदाजे एवढी मदत मिळेल, अर्ज करा. ज्यांना अर्ज भरून मिळाला त्यांच्या बारावीतल्या मुलांपैकी दोन वर्षं कॉलेज पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं. नुसती माहिती मिळालेल्यांत काहीच उल्लेखनीय फरक पडला नाही. जनजागृतीची पोस्टरं छापणाऱ्या प्रत्येक खात्याने हे दुसरं वाक्य भिंतीवर लावावं.

दुसरा प्रयोग मिशिगन विद्यापीठाचा, सुझन डायनार्स्की आणि सहकाऱ्यांचा. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या हुशार मुलांना विद्यापीठाने घरी पत्र पाठवलं. तुला प्रवेश मिळाला तर चार वर्षांची फी माफ, उत्पन्नाचे कागद भरण्याची गरज नाही. यातली मेख अशी की यातल्या बहुतेक मुलांना नेहमीच्या वाटेने अर्ज करूनही जवळपास तेवढीच मदत मिळाली असती. जास्तीचा पैसा जवळजवळ नव्हताच, नवी होती ती आधी दिलेली हमी. पत्र न मिळालेल्या मुलांपैकी २६ टक्क्यांनी तिथे प्रवेशासाठी अर्ज केला, पत्र मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी. प्रत्यक्ष प्रवेश १२ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले.

अमेरिकेचं उदाहरण इथे चालणार नाही, असं कोणी म्हणेल, आणि ते म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. तिथला प्राप्तिकराचा कागद बहुतेक घरांत असतो, आपल्याकडे शेतमजुराचं उत्पन्न कुठल्याच कागदावर नसतं. पण मग महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. तांत्रिक अभ्यासक्रमांच्या कॅप फेरीत, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रवेशफेरीत, पसंतीक्रम भरताना काही चॉइस कोडच्या शेवटी टी हे अक्षर असतं. त्या टीएफडब्ल्यूएसच्या जागा, म्हणजे मंजूर क्षमतेच्या वर पाच टक्के, शिक्षण शुल्क माफ असलेल्या. अट आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाची, आणि पुरावा म्हणून लागतो तोच तहसीलदारांचा दाखला. तो फेरीच्या आधीच तपासला जातो आणि टीच्या कोडवर जागा मिळाली की विद्यार्थ्याला त्याच क्षणी कळतं, शिक्षण शुल्क भरायचं नाही. याचा परिणाम कटऑफच्या यादीत दिसतो. एकाच कॉलेजच्या एकाच शाखेचा टीचा कटऑफ सहसा साध्या कोडपेक्षा वर असतो. पालक या अक्षरासाठी मुलाला आणखी चार गुण मिळवायला सांगतात, कारण त्या अक्षरात हमी आहे. तोच दाखला, तीच आठ लाखांची मर्यादा, तेच सरकार. एका योजनेत उत्तर अलॉटमेंटसोबत, दुसरीत पुढच्या वर्षी. अडचण तंत्रज्ञानाची नाही, हे यावरून पुरेसं स्पष्ट आहे. महाडीबीटी स्वतःसुद्धा दाखल्याचा बारकोड टाकला की तपशील आपोआप ओढून घेतं. सीईटी सेलकडे प्रवर्ग, व्हॅलिडिटी, नॉन-क्रीमिलेअर हे सगळं पसंतीक्रम भरायच्या आधी तपासून झालेलं असतं. मग पुन्हा तीच गुणपत्रिका, तोच दाखला स्कॅन करून वेगळ्या पोर्टलवर का चढवायचा?

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप गैरव्यवहाराचा. शिष्यवृत्तीत घोटाळे झाले आहेत, आणि छोटे नाहीत. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये यासाठी विशेष तपास पथक नेमलं होतं. पाच राज्यांतल्या अनुसूचित जाती शिष्यवृत्तीचं २०१२ ते २०१७ या काळाचं लेखापरीक्षण महालेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये मांडलं, त्यात महाराष्ट्र होता, आणि उशिरा वाटप व कच्ची पडताळणी हे दोन्ही दोष त्यात दाखवले होते. तेव्हा तपासणी ढिली करा, असं मी म्हणत नाही. पण घोटाळ्याची रीत काय होती ते पाहावं. वर्गात कधी न आलेली मुलं पटावर दाखवणं, एकाच विद्यार्थ्यावर दोनदा रक्कम उचलणं, फी फुगवून लावणं ही संस्थाचालकांची कामं आहेत. पुसट पावतीवरून मुलीचा अर्ज परत पाठवल्याने यातलं एकही थांबत नाही. ते थांबतं हजेरी, परीक्षेचे अर्ज आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेली फी एकमेकांशी ताडून पाहिल्याने. पात्रता प्रवेशाआधी ठरवावी आणि संस्थेला पैसे हजेरीनंतर द्यावेत. आज नेमकं उलटं आहे. संस्था फी आधी घेते आणि संशयाचा काळ विद्यार्थी काढतो.

दुसरा आक्षेप चारचौघांत जास्त ऐकू येतो. ज्याला खरंच गरज आहे तो करतोच की धावपळ, एवढा अर्ज भरता येत नसेल तर इंजिनिअर काय होणार? शिवाय गल्लोगल्ली सायबर कॅफे आहेत, शंभर-दोनशे रुपयांत काम होतं. हा युक्तिवाद वाटतो तितका निरुपद्रवी नाही. अर्जाची किचकट वाट ज्यांना गाळते ते आळशी नसतात. ते असतात ते आईला दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडवून तहसीलला नेऊ न शकणारे, ज्यांच्या वडिलांचं आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळत नाही ते, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांचा ओटीपी वेळेत न मिळालेले. त्यांच्याच वर्गातला, घरी शिकलेला भाऊ असलेला मुलगा सहज पुढे निघतो. गाळणी चालते, पण ती नेमक्या गरजूलाच बाहेर ठेवते. सायबर कॅफेवाल्याचा उपयोग नक्कीच आहे. अनेक तालुक्यांत शिष्यवृत्तीची यंत्रणा तोच चालवतो, असं म्हटलं तरी चालेल. पण घाईत त्याने स्वतःचा मोबाइल नंबर अर्जात टाकला की ‘सेंड बॅक’चा मेसेज त्याला जातो आणि मुलाला मुदत संपल्यावर कळतं.

मग खरा आक्षेप उरतो तो तिजोरीचा. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने सूत्र बदललं. पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपयांचा खर्च मंजूर झाला, त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के म्हणजे ३५,५३४ कोटी. २०२१-२२ पासून केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, पण राज्याने आपला ४० टक्के आधी दिल्यानंतरच. म्हणजे मुंबईत एक फाइल थांबली की दिल्लीचाही पैसा थांबतो. सगळ्या पात्र मुलांना जूनमध्येच हमी दिली तर राज्याला तेवढी तरतूद खरोखर करावी लागेल. आज उशीर आणि गळती यांतून जी न बोलता बचत होते, ती बंद होईल. वित्त विभाग हे उघडपणे म्हणणार नाही, पण विरोधाचं मूळ बहुधा इथेच असावं. पैसा खरोखर कमी असेल तर तसं जाहीर करावं. यंदा निम्म्याऐवजी चाळीस टक्के मिळतील, हे जूनमध्ये ठाऊक असलेलं घर उरलेल्या साठ टक्क्यांची सोय करू शकतं. पन्नास टक्के मिळतील-न-मिळतील या भरवशावर कोणालाही काही करता येत नाही.

कॅप फेरीतच पात्रता ठरवून हमी देण्याच्या या सूचनेतून एक गोष्ट मात्र सुटते. कॅप फेरी आहे ती व्यावसायिक अभ्यासक्रमांना. तालुक्याच्या कॉलेजात बी.ए., बी.कॉम.ला जाणारी मुलं त्या जाळ्यात येतच नाहीत. तिथे प्रवेश कॉलेजच्या खिडकीवर होतो आणि अनुदानित तुकडीची फीही फार नसते. त्यांच्यासाठी निर्वाह भत्ताच महत्त्वाचा. भारत सरकार शिष्यवृत्तीत साध्या पदवीला घरून येऊन-जाऊन शिकणाऱ्याला वर्षाला ३,००० रुपये, वसतिगृहात राहणाऱ्याला ६,०००. एसटीचा पास, वह्या, परीक्षेच्या वेळचा खर्च याला हे पैसे उपयोगी पडतात ते वेळेवर आले तरच. यांच्याबाबत हमीची तारीख बारावीच्या वर्षातच आणावी लागेल. बोर्डाचा फॉर्म भरताना ज्युनिअर कॉलेजमध्येच उत्पन्नाचा दाखला आणि बँक सीडिंग तपासून घ्यायचं, आणि पात्रतेचं पत्र गुणपत्रिकेसोबत द्यायचं. ज्युनिअर कॉलेजच्या लिपिकावर त्यामुळे काम वाढेल, त्याला माणूस वाढवून द्यावा लागेल. सीनिअर कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागातलं काम तेवढंच कमी होईल.